अकरा छाया, एक तांब्या

निकाल मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी लागला. सुनिधी चौगुलेच्या ‘घोट’ या ॲपला सत्तेचाळीसपैकी सदतीस छायांनी पसंती दिली होती. पास व्हायला तीन चतुर्थांश, म्हणजे छत्तीस, पुरे होत्या आणि पास झालेल्यांत सदतीस हा सर्वांत मोठा आकडा होता.

मिरजेत म्हैसाळ रस्त्यावरच्या त्या डिझाइन महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला अठ्ठेचाळीस विद्यार्थी होते. दरवर्षी त्यांच्यापैकी एकाचे काम प्रत्यक्ष वापरासाठी बाहेर जाई. यंदा गावातल्या एका धर्मादाय रुग्णालयाचा डायलिसिस विभाग त्यासाठी राजी झाला होता. सोमवारी चाळीस रुग्णांच्या मोबाइलवर ॲप चढणार होते आणि ज्याचे ॲप असेल त्याला त्याच रुग्णालयात वर्षभराची उमेदवारी मिळणार होती. सुनिधीला ती हवी होती. तिच्या वडिलांचे कवठेमहांकाळला औषधांचे दुकान होते. चिठ्ठी उलटसुलट करून ‘यातलं आधी काय घ्यायचं?’ असे विचारणारी माणसे बघत ती लहानाची मोठी झाली होती.

‘घोट’ची कल्पना सोपी होती. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाने प्यालेले पाणी शरीराबाहेर जात नाही. पुढच्या डायलिसिसपर्यंत ते आतच साठते. जास्त झाले की आधी पाय सुजतात, मग फुप्फुसात पाणी भरते आणि माणूस बसल्या जागी धापा टाकू लागतो. म्हणून डॉक्टर दिवसाला साधारण एक लिटर ठरवून देतात. सुनिधीच्या पडद्यावर एक ग्लास होता. पाणी प्यालात की ग्लास दाबायचा, खाली बेरीज होत जायची. मर्यादेच्या आत असाल तर पडदा हिरवा, जवळ पोचलात की पिवळा, ओलांडलीत की लाल.

छायांच्या अभिप्रायांचे कागद हातात घेऊन ती कँटीनमध्ये गेली. शेवटच्या बाकावर विरूपाक्ष कोरे पोहे खात होता. हा वर्गमित्र मंगळवारी आणि शुक्रवारी पहिले दोन तास बुडवत असे. का, ते कुणी कधी विचारले नव्हते.

“विरू, थँक्यू हं. तुझ्या छायेनं भरभरून लिहिलंय.”

“छाया मायाळू आहे माझी. माझ्यावर गेलेली नाही.”

“ऐक तर. ‘एकूणात, ग्लासचं चित्र पाहताक्षणी काय करायचं ते कळतं. हिरवा रंग दिलासा देतो. घरी असा रुग्ण असलेल्या कुणालाही हे ॲप जवळचं वाटेल.’”

विरूने चमचा ताटलीत ठेवला. “हे मी म्हटलंय?”

“तू म्हणजे तुझ्या छायेनं.”

“घरी असा रुग्ण आहे माझ्या.”

सुनिधीने हातातला कागद खाली केला.

“अण्णा. पहिल्या सेमिस्टरला सुरू झालं. मंगळवार-शुक्रवार. आत्ता त्यांना घरी सोडून आलो.” त्याने पुन्हा चमचा उचलला. “आणि ग्लास म्हणशील तर आमच्यात तो फक्त पाहुण्यांना निघतो. अण्णा तांब्या उचलतात, तोंड वर करतात आणि ओततात. वर्कशॉपात चाळीस माणसं एका तांब्यानं प्यायची. उष्टं नको म्हणून सगळे वरनं. किती गेलं ते पिणाऱ्यालाच माहीत नसतं.”

“मग तुझ्या छायेला हे कसं नाही माहीत?”

“तिला कसं असणार?” विरू हसला. “माझा चष्मा तूच घातला होतास की गं.”

सुनिधीही हसली. जिना चढताना मात्र ती मधल्या पायरीवर थांबली, आणि मागून येणाऱ्या दोघांना तिला वळसा घालून जावे लागले.

*

छाया काय असते ते इथे सांगायला हवे.

माणूस पडदा हाताळतो तेव्हा तो स्वतःला वाटते त्याहून फार जास्त सवयीने वागतो. नजर आधी कुठे जाते, बोट बटणावर किती वेळ घुटमळते, कुठे कंटाळा येतो, कुठून तो मागे फिरतो, हे ठरून गेलेले असते. तीस तासांची अशी नोंद मिळाली, तर पुढचा स्पर्श कुठे होणार हे यंत्र दहापैकी नऊ वेळा बरोबर सांगते. नोंद एका चष्म्याने होते. त्यात डोळ्यांवर रोखलेले दोन बारीक कॅमेरे असतात आणि समोरचे पाहणारा तिसरा. घालणारा काय टाइप करतो तेही तिसऱ्या कॅमेऱ्याला दिसत असल्याने त्याची लिहिण्याची ढबही यंत्र उचलते. तीस तासांतून तयार झालेल्या या प्रतिकृतीला महाविद्यालयात छाया म्हणत. नवे ॲप दिले की छाया ते एका दुपारी हजार वेळा वापरून बघते, कुठे अडली ते नोंदवते आणि त्या माणसाच्या भाषेत अर्धे पान अभिप्राय लिहिते. ती कंटाळत नाही, मैत्रिणीला सांभाळून घेत नाही, जुना राग काढत नाही.

छाया येण्याआधी भिंत होती. तळमजल्यावरच्या वर्गाच्या एका भिंतीला बुचाचे फळे ठोकलेले होते. विद्यार्थ्याने आपले कागद त्यावर टाचायचे आणि बाजूला उभे राहायचे. वीस मिनिटे वर्ग बोलणार. ज्याचे काम आहे त्याने अवाक्षर काढायचे नाही. “तुम्ही गिऱ्हाइकाच्या घरी समजावून सांगायला जाणार आहात का? मग इथेही समजावू नका,” असे रेणावीकर मॅडम म्हणत. भिंतीपुढे मुले रडत, भांडत, महिनामहिना अबोला धरत. छाया आल्या आणि हे थांबले. आता एकमेकांचे काम बघण्याचे कारणच उरले नव्हते. फळ्यांसमोर लोखंडी कपाटे येऊन उभी राहिली.

पहिल्या सेमिस्टरमध्ये प्रत्येकाने चष्मा तीस तास घालायचा असे. सुरुवातीला तो डोळ्याची खूण तपासून माणूस ओळखे. एकदाच. त्यानंतर तो कुणाच्या नाकावर आहे याची चौकशी करत नसे.

हजेरीला दुसऱ्याच्या नावापुढे ‘येस मॅडम’ म्हणण्याची जुनी रीत या महाविद्यालयातही होती. चष्मा आला आणि रीत चष्म्याला लागू झाली. सुनिधी रोज वाचनालयात त्याच खुर्चीत बसून अभ्यास करी. “तू बसलेलीच असतेस, घाल की जरा,” असे पहिल्यांदा केतकी म्हणाली. केतकी आवटी ही तिची खोलीतली सोबतीण. मग केतकीच्या मैत्रिणी आल्या. मग एक दिवस विरू आला. त्याला दवाखान्यात जायचे आहे एवढेच त्याने सांगितले होते. उशी उसनी द्यावी तशा सहजपणे सुनिधीने सगळ्यांना हो म्हटले. पाच महिने, रोज सुमारे सव्वादोन तास, ती दुसऱ्यांचे चष्मे घालून स्वतःचा अभ्यास करत राहिली.

त्या संध्याकाळी तिने सत्तेचाळीस अभिप्राय पलंगावर मांडले. ‘एकूणात’ या शब्दाने सुरू होणारे तिने वेगळे काढले. सातवीपासून तिचा प्रत्येक निबंध त्या शब्दाने संपत आला होता. पुढे पुढे तो सुरुवातीलाच येऊ लागला. कागद अकरा निघाले. अकराही जणांना ग्लास आवडला होता. अकराही जणांना हिरव्याने दिलासा दिला होता.

“अकरा जणी मीच आहे,” ती म्हणाली.

“दहा जणी आणि एक विरू,” केतकी नखे कापता कापता म्हणाली. “मग?”

“म्हणजे माझ्या ॲपला मीच मत दिलंय. अकरा वेळा.”

“निवडणुकीत उभी राहा.”

“केतकी, मस्करी नको. ते अकरा काढले तर राहिले छत्तीस जण. त्यातले सव्वीस हो म्हणालेत. सत्तावीस लागतात.”

“एक! एका मतानं काय आभाळ कोसळतंय? बाकीच्यांनी पण कुणाकुणाच्या गळ्यात चष्मे घातलेच असणार. तू एकटीच काय समाजसेविका नव्हतीस. आणि हे बघ, माझं ॲप परवाच पास झालंय. छत्तीसवर. बरोब्बर छत्तीसवर. तुझं तोंड उघडलं की माझं ॲप बुडालं.”

हे खरे होते. सुनिधीने कागद गोळा केले. चूक एका मताची असेल तर ती पोटात घालता येईल, पण ॲपच चुकीचे असेल तर नाही, असा तिने हिशेब केला. ते तपासायचा रस्ता एकच होता. तिने विरूला फोन लावला.

*

बुधवारी संध्याकाळी सहा वाजता ती कुपवाडला कोऱ्यांच्या घरी पोचली. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत खुर्चीवर चन्नाप्पा कोरे बसले होते. वय छप्पन्न. एकतीस वर्षे लेथवर काम केलेले. डाव्या हाताला, जिथे सुई टोचतात तिथे, शीर दोरीसारखी फुगलेली.

“ही होय चौगुले?” ते म्हणाले. “ये पोरी. आमच्या विरूचा चष्मा तूच सांभाळलास म्हण की. त्यावेळी लई धावपळ होती बघ.”

विरूच्या आईने, अव्वाने, चहा आणला. अण्णांसाठी कप अर्धा भरला होता. सुनिधीने त्यांच्या मोबाइलवर ‘घोट’ चढवले. अण्णांनी पडदा डोळ्यांपासून लांब धरून न्याहाळला, जसा ते आयुष्यभर लेथवर तयार झालेला लोखंडी जॉब उजेडाकडे धरून न्याहाळत आले होते.

“प्यालो की हे दाबायचं?”

“हो.”

“आणि हिरवं म्हणजे?”

“म्हणजे सगळं ठीक चाललंय.”

“बरं केलंस. नाहीतर ही रोज डोळे वटारून बसती.”

“मी नाही वटारलं तर कोण वटारणार? पिऊन पिऊन फुगताय,” अव्वा आतून म्हणाली.

अण्णांनी कोनाड्यातला तांब्या घेतला, मान मागे टाकली आणि वरून धार सोडली. गळ्याची घाटी दोन-तीनदा वरखाली झाली. तांब्या परत ठेवून त्यांनी मोबाइल उचलला आणि बोट हवेतच थांबवले.

“आता हे किती झालं?”

कागदावर, हजार वेळा चालवलेल्या चाचणीत, हा प्रश्न एकदाही आला नव्हता. सुनिधी म्हणाली, “एक ग्लास धरा अण्णा. अंदाजे.”

विरूने तिच्याकडे पाहिले. अण्णांनी ग्लास दाबला. पडदा हिरवा झाला.

ती परत आली तेव्हा तिला बरे वाटत होते. ॲप चालले होते.

*

शुक्रवारी सकाळी सव्वासहाला विरूचा फोन आला. “दवाखान्यात ये. लगेच.”

अण्णांचे डायलिसिस त्याच धर्मादाय रुग्णालयात होई; विभाग पहिल्या मजल्यावर होता. अण्णा आजवर जिना चढून जात आले होते. त्या दिवशी त्यांना फाटकापासून चाकाच्या खुर्चीवर आणावे लागले. ओठ काळसर पडले होते आणि वाक्य दोन तुकड्यांत येत होते. मोमीन नावाच्या टेक्निशियनने त्यांना काट्यावर उभे केले, आकडा वाचला आणि पुन्हा वाचला.

“अण्णा, चार किलो दोनशे वाढलंय! कधी अडीचच्या वर जात नाही तुमचं. लग्नाला गेला होता काय कुणाच्या?”

“नाही हो. मोजून प्यालोय. हे बघा की.”

अण्णांनी मोबाइल पुढे केला. मंगळवारची जागा कोरी होती. बुधवारचा सहानंतरचा आकडा चारशे. गुरुवार नऊशे पन्नास. पडदा हिरवागार.

“काटा खोटं बोलतोय की हे?” मोमीन म्हणाला आणि नळ्या जोडायला वळला.

अण्णा धापा टाकत सुनिधीकडे वळले. आवाजात तक्रार नव्हती. “आधी बघ पोरी… भीत भीत प्यायचो. जीभ ओली केली की बास. आता म्हटलं… मोबाईल हिरवं दाखवतोय. अजून एक घोट… चालतोय की.”

एका बैठकीत चार लिटर पाणी काढणे शरीराला झेपत नाही. दीड तासाने अण्णांचा रक्तदाब उतरला आणि दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. मोमीनने मशिनचा वेग कमी केला. विरू वाकून बापाची पोटरी दाबत राहिला. सुनिधीने दुसऱ्या पायाला हात घातला.

“तांब्याचं मी तुला सांगितलं होतं,” शेवटी विरू म्हणाला. त्याने मान वर केली नाही. “मंगळवारीच.”

“हो.”

“आणि ते विचारत होते तेव्हा तू ‘अंदाजे’ म्हणालीस.”

“हो.”

“सोमवारी हे चाळीस जणांना देणार?”

हॉलमध्ये बारा खुर्च्या होत्या. सुनिधीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिले. नऊ खुर्च्यांशेजारी पाण्याची बाटली होती, दोन ठिकाणी तांब्या होता. एका म्हातारीच्या मुठीत ओला रुमाल होता आणि ती अधूनमधून तो ओठांना लावत होती. ग्लास एकही नव्हता.

नऊ वाजता अण्णांचा श्वास जागेवर आला. त्यांनी बोटाने सुनिधीला जवळ बोलावले. ती बोलायला गेली, तसे ते म्हणाले, “तू थांब. मला बोलू दे. एक सांगतो. लेथवर लोखंडाचा बार लावला की कीस निघतो. ढीगभर निघतो. आम्ही कधी तो कीस मोजला नाही. उरलेला जॉब मोजायचा. मायक्रोमीटर लावायचा तो जॉबला.”

सुनिधीने पिशवीतून वही काढली.

“तू मला विचारतीस, किती प्याला. मला काय ठाऊक किती प्यालो? ते गेलं पोटात. सकाळी हिनं एक लिटर तांब्यात मोजून ठेवावं. दिवसभर प्यायचं ते त्यातलंच. चहा घेतला तर तेवढं त्यातनं झाडाला ओतावं. मग तुझ्या मोबाईलनं मला विचारावं, अण्णा, तांब्यात किती उरलंय. ते मी सांगीन. बघून सांगीन. अंदाजे नाही.”

सुनिधीने वहीत लिहून घेतले. त्या संपूर्ण प्रकल्पात तिने गप्प राहून घेतलेला हा पहिला अभिप्राय होता.

*

रेणावीकर मॅडम दुपारी तीन वाजता खोलीत एकट्या होत्या. सुनिधीने तीन गोष्टी क्रमाने सांगितल्या: अण्णांचे वजन, अकरा चष्मे, सव्वीसचा आकडा. मॅडमनी मध्ये अडवले नाही.

“नावं?”

“ती मी सांगणार नाही, मॅडम. आकडा सांगते. अकरा.”

“आकड्यावर छाया रद्द करता येत नाही. नावं नसतील तर सगळ्या रद्द कराव्या लागतील. अठ्ठेचाळीस. आणि मग खालच्या दोन वर्गांच्यासुद्धा, कारण चष्मे तिथेही तेच आहेत आणि मुलंही तुमच्यासारखीच. यंदा रुग्णालयात कुणाचंच काम जाणार नाही. तुझं तर नाहीच. कळतंय?”

“हो.”

“उमेदवारीही गेली.”

“हो, मॅडम.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो साधा, वाचायचा होता. “तीन वर्षं मी या निकालांवर सह्या करते आहे. तुमचे कागद वाचताना मला वाटायचं, हा वर्ग फार एकविचारी आहे. मला ते बरं वाटायचं.” त्यांनी सोमवारच्या पत्राची प्रत ओढली आणि त्यावर आडवी रेघ मारली. “त्या गृहस्थांची प्रकृती?”

“घरी गेले. उद्या पुन्हा बोलावलंय.”

“बाकीच्या रुग्णांना काय होता होता राहिलं, ते त्यांना कधीच कळणार नाही. त्याबद्दल तुझे आभारही कुणी मानणार नाही. जा.”

बातमी चार वाजेपर्यंत वसतिगृहात पोचली. साडेचारला विरू मॅडमकडे जाऊन स्वतःचे नाव सांगून आला. बाकीच्या दहांपैकी कुणी गेले नाही. सुनिधी खोलीत आली तेव्हा केतकी पलंगावर पाय दुमडून बसली होती.

“या, हरिश्चंद्राच्या बाई.”

“केतकी…”

“काय केतकी? माझ्या नावानं तूच मत दिलंस. माझ्या नावानं कबुली पण तूच दिलीस. मला कुणी विचारलंय का, तुला काय वाटतं म्हणून? दोन वर्षांत एकदा तरी?”

“तूच दिला होतास चष्मा.”

“दिला होता. चष्मा दिला होता. डोकं दिलं नव्हतं.”

तिने उशी घेतली आणि त्या रात्रीपासून ती शेजारच्या खोलीत झोपू लागली. जेवणाच्या हॉलमध्ये सुनिधीच्या टेबलावर जागा रिकामी राहू लागली. विरू बसे, पण तोही फारसा बोलत नसे. अण्णांच्या वाढलेल्या वजनाचा आकडा तेवढा सांगे. अडीच. दोन सातशे. दोन चारशे.

*

तीन आठवड्यांनी, एका बुधवारी, शिपायांनी तळमजल्यावरची लोखंडी कपाटे सरकवली. मागचे बुचाचे फळे जसेच्या तसे होते. टाचण्यांची भोके भरलेली नव्हती. मॅडमनी पहिले नाव चौगुले पुकारले.

सुनिधीने सहा कागद टाचले. ग्लास गेला होता. पडद्यावर तांब्या होता आणि त्यात पाण्याची रेघ. सकाळी एक लिटर भरायचे, दिवसभरात ॲप तीनदा विचारणार: किती उरले? बोटाने रेघ खाली ओढायची. शेजारी काट्यावरच्या वजनाची जागा होती. हे सगळे अण्णांनी दोनदा तपासले होते, आणि “चहाचं ओतायला विसरलो तर?” हा त्यांचा नवा प्रश्न तिने सहाव्या कागदावर उत्तर न देता लिहून ठेवला होता.

“वीस मिनिटं,” मॅडम म्हणाल्या. “चौगुले बोलणार नाही. बाकीच्यांनी बोलायचं.”

कुणी बोलले नाही. सत्तेचाळीस मुले भिंतीकडे पाहत उभी राहिली. दुसऱ्याच्या कामाकडे बघून तोंडाने काय म्हणायचे असते हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. एक मिनिट गेले, दोन गेली. कुणीतरी खोकले. विरूने तोंड उघडले. मॅडमनी मान हलवली. “तू नाही, कोरे. तू घरचा आहेस. नंतर.”

चौथ्या मिनिटाला मागून केतकी पुढे आली. सुनिधीकडे न बघता ती तिसऱ्या कागदापाशी थांबली.

“हा हिरवा रंग,” ती म्हणाली. “मला आवडत नाही.” जरा थांबून ती म्हणाली, “तेव्हाही नसता आवडला.”

“का?” मॅडमनी विचारले.

“माझ्या आईला शुगर आहे. रिपोर्ट नॉर्मल आला की ती त्याच दिवशी जिलेबी आणायला सांगते. हिरवं दिसलं की माणूस थांबायचं सोडतो. तांब्या केला, ठीक आहे, तांब्या बरा आहे. पण हा हिरवा इथे अजून का आहे? पहिल्या वेळी त्या काकांना यानंच पाजलं ना पाणी?”

वर्गात हालचाल झाली. सुनिधीने तिसऱ्या कागदाकडे पाहिले. ग्लास काढताना तिने सगळे काढले होते, हिरवा तेवढा राहिला होता. तो तिला इतका बरोबर वाटत होता की दिसलाच नव्हता. रंग उरलेल्या पाण्यावरून ठरतो, आता आकडा खरा आहे, असे सांगायला तिने तोंड उघडले.

मॅडमनी बोट वर केले.

सुनिधीने तोंड मिटले, वही उघडली आणि केतकीचे वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले. सोळा मिनिटे शिल्लक होती. मागे आणखी दोन हात वर आले होते.